दुसरे मास्तर

मी शिक्षक संघटनेचा जिल्हाध्यक्ष होतो, हे लोक अजून आदरानं सांगतात. नेमणूक कुठल्या शाळेवर होती, हे कुणी विचारत नाही. मीही सांगत नसे.

ती शाळा भामरागडच्या पलीकडे, जंगलात. शिक्षक दोन: एक बाई आणि एक मी. जेमतेम सहा महिने शिकवलं आणि प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पगार तिथला नि काम इथलं अशा सोयीनं, गडचिरोलीला आलो, तो वर्षानुवर्षं इथेच राहिलो. दोघांचे वर्ग बाई एकट्या सांभाळत. पावसात नाले चढले की त्या गावातच अडकत, आणि मी इकडे माइकवरून शिक्षकांच्या हालांवर बोले. चांगला बोले. लोकांच्या डोळ्यांत पाणी येई. खरं सांगायचं तर त्यातले बरेच हाल बाईंनीच मला फोनवर सांगितलेले असत.

मग आदेश आला: सगळ्या प्रतिनियुक्त्या रद्द. आमची माणसं खवळली. मोर्चा ठरवायला सभा भरली. मी बोलायला उभा राहिलो, तोच मागच्या रांगेतून बाई उठल्या.

"भाऊ, एक इचारू काय? माह्या शाळेवरचे दुसरे मास्तर कुठी रायते, मालूम आहे काय तुमाले?"

"बाई, पोलिसात हरवल्याची रिपोर्ट द्या ना!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"काऊन देऊ? समोरच तं दिसून राह्यले."

हशा थांबला. मोर्चाचा ठराव माझ्या खिशातच राहिला. "तो मीच," एवढं म्हणून खाली बसलो. अध्यक्षपद गेलं. कबूल करण्यात धाडस वगैरे काही नव्हतं. आदेश तर निघालाच होता.

शाळा उघडली तेव्हा हजर झालो. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता पहिलीचा वर्ग दाखवला. पोरं घरी माडिया बोलणारी. मराठी त्यांना नवीच. मी पूर्वी शिकलेले माडियाचे चार शब्द कधीच विसरलो होतो. उभा राहून म्हणालो, "बालमित्रांनो..." पोरं टकमक बघत राहिली. एक मुलगी हळूहळू दाराकडे सरकली.

भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला, "भाऊ, भाषन नोका देऊ. खाली बसा त्यायच्यात."

बसलो. मुलगी दाराशीच थांबली होती. आत येईना, पण घरीही गेली नाही.