आईला न घेता येणारं नाव

वाचनालयातल्या मंडळींनो, कचेरीतून घरी जाताना हा कागद फळ्यावर लावतोय. उद्या माझ्या पहिल्या मुलाचं बारसं आहे आणि मला एका जागी बसवत नाही.

सकाळी कागलहून माझी थोरली बहीण, अक्का आली. पाळण्यात डोकावायच्या आधीच म्हणाली, "नाव ठरलंय की. आपल्या बाबांचं. जोतिबा."

बाबा जाऊन वर्ष झालं. मी लगेच मान डोलावली. मग बायकोकडं बघितलं. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती त्याच नावाच्या देवालासुद्धा 'डोंगरावरचा' म्हणते. या पोरासाठी नवस बोलली तोही तसाच.

"अक्का, मग ही पोराला हाक कशी मारणार?"

"बाळ म्हणंल की. आई तुला अजून तेच म्हणती न्हवं?"

खरंच. माझं नाव आजोबांचं, म्हणजे आईच्या सासऱ्याचं. आईच्या तोंडून ते मी कधीच ऐकलेलं नाही, आणि हे आज, तिशीत लक्षात आलं.

दिवसभर एक ओळ सरळ लिहिता आली नाही. बाबांचं नाव सोडवत नाही. उद्या अक्कानं बाळाच्या कानात काय सांगावं, खाली लिहा. आणि हेही लिहा, तुमच्या आईनं तुम्हाला कधी नावानं हाक मारलीय का?