सोडलेल्या पुस्तकांचं राम राम पान

आमच्या गोव्यातल्या लाटंबार्शाच्या वाचनालयात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण पुस्तकं बदलायला जमतो. कोणीतरी एखादं पुस्तक टेबलावर आपटतो, "हें माज्यान जायना!" म्हणतो, की झाला किस्सा तयार! पुस्तक वाचून संपवणाऱ्यांकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. सोडणाऱ्यांकडे असतं. मी सोडणाऱ्यांतला.

तीस वर्षं मी खाणीवर ट्रक चालवला. लोडिंगच्या रांगेत स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचायचो. दहा मिनिटं झाली की मागचा ड्रायव्हर हॉर्न मारायचा, मग पुस्तक सीटवर फेकायचं आणि गाडी पुढे घ्यायची. आता रांग नाही, ट्रक नाही, पण पंचवीस पानं झाली की कानात हॉर्न वाजतोच. मी उठतो, पाणी पितो, मांजराला उगाच हाकलतो आणि परत येऊन दुसरंच पुस्तक उघडतो.

माझ्या अगदी उलट आमचे वामन मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, घरात एकटे. आयुष्यात त्यांनी एकही पुस्तक अर्धं सोडलेलं नाही. मला बघितलं की म्हणायचे, "आयलो, पंचवीस पानांचो वाचक!"

*

पूर्वी लोक अर्धं सोडलेलं पुस्तक लाजेने परतच करत नसत. "वाचतां, वाचतां" म्हणत वर्ष काढायचे. बालरथ, म्हणजे शाळेची बस, चालवणाऱ्या उल्हासने तर इतिहासाचं एक पुस्तक चौदा महिने ठेवून घेतलं. शेवटी आमची लक्ष्मीबाय, म्हणजे वाचनालय सांभाळणारी, रस्त्यावर आडवी उभी राहिली आणि तिने बालरथच थांबवला. पुस्तक डॅशबोर्डवर होतं. पानं पार चुरगळलेली.

"वाचून जालें?"

"भुरग्यांनी दोनदां वाचलें," उल्हास म्हणाला, "हांव अजून प्रस्तावनेंत आसां!"

त्या दिवशी लक्ष्मीबायने नियम काढला. सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण पुस्तक परत आणा आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नाव, पान नंबर आणि एका ओळीत कारण लिहा. त्या पानाला नाव पडलं राम राम पान. महिन्याभरात गावातली निम्मी अडकलेली पुस्तकं परत आली!

*

कारणं लिहावीत ती रुक्मिणी वयनीने. तिची काजूची बागायत. दिवसभर बोंडू गोळा करून संध्याकाळी वाचायला बसते, त्यामुळे पुस्तकातल्या रिकामटेकड्यांचा तिला फार राग. एका प्रेमकथेच्या मागे तिने लिहिलंय, "पान ४०. नायिका अजून खिडकीतच. घरात दुसरें काम ना दिसता."

पाककृतींच्या पुस्तकामागे फक्त, "पान १२. नारळ खंय?"

*

या पानाचा एक तोटाही झाला. लोक पुस्तक मागून उघडू लागले! आधी राम राम पान, मग पुस्तक. एका कादंबरीमागे सात जणांची नावं, आणि सगळे पान ऐंशीवर थांबलेले. "पुनरुक्ती फार." "लेखक तेंच तेंच सांगता." माझं नाव या सातांत धरलेलं नाही, मी सव्विसाव्या पानावरच उतरलो होतो. पण पान ऐंशीवर असं आहे तरी काय, म्हणून त्या पुस्तकाला एवढी मागणी आली की लक्ष्मीबायला नंबर लावावे लागले.

शेवटी तिने स्वतः पाहिलं. बायंडिंगवाल्याची चूक! ऐंशीनंतर पुन्हा पान पासष्टपासून तीच सोळा पानं शिवली होती. नंबर ऐंशीवरून मागे पासष्टवर गेल्याचं सात जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

मास्तरांनी ते पुस्तक केव्हाच संपवलं होतं. आम्ही विचारलं, "मास्तर, तुमकां कळूंक ना?"

"कळ्ळें तर! दोनदां वाचलीं. म्हटलें, शिवलीं आसात म्हणल्यार वाचूंक जाय."

*

एकदा केरीहून एक लेखक कार्यक्रमाला आले. भाषण झालं, नारळ दिला, आणि लक्ष्मीबायने कौतुकाने त्यांचीच कादंबरी त्यांच्या हातात ठेवली. बिचारीला राम राम पानाची आठवणच राहिली नाही. लेखकाने पुस्तक उघडलं ते नेमकं मागून. नऊ नावं! माणूस कानापर्यंत लाल झाला. आम्ही सगळे छताकडे बघत बसलो.

"पेन्सिल आसा?" त्यांनी विचारलं.

खोडणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी शांतपणे दहावं नाव लिहिलं. स्वतःचं! "पान ११०. यापुढचं मलाही जमलं नाही."

*

माझं नाव वाचनालयातल्या एक्केचाळीस पुस्तकांमागे आहे. घरी याचं फार कौतुक आहे असं नाही. परवा बायकोने, सुलभाने, आमच्या लग्नाचा अल्बम काढला. मीही बसलो बघायला. दोन-तीन पानं झाली आणि मी पोदेर आला का ते बघायला उठलो. पाव घेऊन परत येतो तर अल्बमच्या शेवटच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, "गजानन. पान ३."

कारणाची जागा तिने मोकळी सोडली होती. ते मला जास्त लागलं.

*

आता मास्तरांचं सांगतो.

मास्तरांचा एक डोळा आधीच गेला होता, दुसराही जात चालला. डॉक्टरांनी सांगितलं, जे वाचायचं ते आता वाचून घ्या. आणि मास्तरांच्या हातात तेव्हा काय? सहाशे बारा पानांची एक रटाळ कादंबरी! भाऊ घर सोडून जातो आणि बहीण वीस वर्षं त्याच्या पत्राची वाट बघते, बस्स. त्या पुस्तकाच्या राम राम पानावर नाव लिहायला जागा उरली नव्हती. आम्ही हात जोडले, "मास्तर, हें सोडा, बरें कितें तरी वाचा." नाही म्हणजे नाही. पान साडेतीनशेला त्यांना अक्षर दिसेनासं झालं.

मग आम्ही पाळीपाळीने वाचून दाखवायचं ठरवलं. उल्हास दोन दिवस टिकला. वयनीने त्या बहिणीला एवढ्या शिव्या घातल्या की मास्तरांनीच तिला घरी पाठवलं. उरलो मी.

"तूं?" मास्तर म्हणाले. "तूं पंचवीस पानांनी पळून वतलो."

रोज तीन वाजता मी त्यांच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बसून वाचायचो. पाय हलायचा, कानात हॉर्न वाजायचा, तरी वाचायचो. पाच वाजता उठताना "फाल्यां येतां" म्हणायचो. मास्तर म्हणायचे, "पळोवया," म्हणजे बघू. उद्या येशील का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत मात्र ते माझ्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून बसलेले असायचे.

पाचशे पानं झाली आणि काय झालं कळलं नाही, हॉर्न बंद झाला. रात्री जेवताना मी सुलभाला विचारलं, "तो भाऊ पत्र पाठवील गो?" ती माझ्याकडे बघतच राहिली!

शेवटच्या दिवशी पत्र आलं. बहिणीने हात पुसले. पाकीट फाडलं. पान सहाशे अकरा संपलं. मी पान उलटायला बोट लावलं.

"पुरो," मास्तर म्हणाले.

"मास्तर, एकूच पान उरलां!"

"जाणा. पुस्तक दी."

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. चाचपत मागचं कव्हर शोधलं, राम राम पान उघडलं आणि डावीकडच्या पानावर, त्याच शेवटच्या पानावर, आपला पंजा सपाट पसरला. एक अक्षर दिसेना!

"माजें नांव घाल. वामन. पान सहाशें अकरा."

मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं. "कारण?"

"नाका. आतां सकयल तुजें नांव घाल."

"माजें कित्याक? हांव सोडिना, मास्तर! पत्रांत कितें आसा तें तरी..."

"घाल मरे."

मी त्याखाली घातलं. गजानन, पान ६११. मास्तरांनी पुस्तक मिटून मांडीखाली घातलं आणि वर नीट बसले.

"फाल्यां तीन वाजतां येतलो मरे?" त्यांनी विचारलं.