कवड्याचं शूटिंग

चहाचा घोट आधी गिळा, नाहीतर हे ऐकताना नाकातून यायचा! भर पाहुण्यांत मी अशी तोंडावर पडले म्हणता... पण चुकले असं आजही म्हणणार न्हाय, सांगून ठेवते.

व्हिडिओचा नवा जमाना होता तवा. शेळगावात आमचा विलास लग्नांची शूटिंगं करायचा. ना मालक, ना पगार. बोलावणं आलं की कॅमेरा खांद्यावर टाकून चालला! आमच्या मेंढरांची फिल्लम काढीन, असा शब्द दिला होता मला. कळप विकून झाला, फिल्लम राहिली. शेवटचा एडका कवड्या, तोही रविवारी इंदापूरच्या बाजारात जायचा.

"आरं, कवड्याला तरी टीप!"

"गिऱ्हाईकाचं आधी, आई. घरचं मागनं."

"मागनं म्हंजी? एडका गेल्यावर रिकामा खुटा टिपणार व्हय?"

लोणी भापकरच्या तात्यांच्या लेकीचं लग्न टिपून आला आणि गेला आंघोळीला. कॅमेरा खाटेवर. लाल बटण दाबायला काय शाळा शिकावी लागते? दाबलं!

तात्यांना कॅसेटची घाई. विलासनं ती न बघताच नेली. जेवणाचं आवतान होतं, मीही गेले. टिपलेलं कॅमेऱ्यातच राहतं, अशी माझी समजूत!

टीव्हीपुढं सगळं घर दाटलं. माझ्या शेजारी नवरीची आत्या. पाठवणी आली, बायका मुसमुसायला लागल्या, गाडी हलली... आणि पडद्यावर हे भलंमोठं नाक!

"ह्यो कुठला पाव्हणा?" तात्या म्हणाले.

माझा कवड्या! माझा ऊर भरून आला. तेवढ्यात टीव्हीतून माझाच आवाज:

"बघ कवड्या, तुला टिपाया येळ न्हाय तुझ्या मालकाला. त्या लोणीवाल्यांनी पोराला पंगत उठंस्तवर उपाशी ठिवलं. आन् ती नवरीची आत्या! जितं कॅमेरा तितं ही. अंतरपाट धरला तरी मधी हिचंच थोबाड!"

आता आवाजही भरतो, हे मेल्यानं कधी सांगितलं होतं का?

विलासनं मान खाली घातली. गेलं पोराचं गिऱ्हाईक! पुढच्या दोन्ही लेकींची लग्नं तात्या त्यालाच देणार होते.

आत्याबाई फणकारल्या, "काय वो म्हातारे, मी मधी मधी करती?"

आता माघार कसली? उभीच राहिले. "व्हय, म्याच बोलले! खोटं असंल तर मागं फिरवून बघा की!"

"ऱ्हाऊ दे, पुढं चालू दे," आत्याबाईंचे मालक हळूच म्हणाले, "पयल्यांदाच कुणीतरी बोललं."

पुढं चालू दिलं, तिथंच घात झाला. पडद्यावर मी कॅमेरा पोत्यावर ठेवला, केस चापून बसवले, पदर सारखा केला आणि कवड्यापुढं जाऊन उभी राहिले. त्यानं मान पुढं काढली. मी कोपरानं ढकलली. त्यानं परत काढली. मी परत ढकलली!

आत्याबाई पोट धरून ओरडल्या, "अगं सटवे, एडका कुठाय?"

घर हसून लोळलं. तात्या डोळे पुसत म्हणाले, "विलासराव, दोन्ही लग्नं तुमच्याकडंच. पर आईला घरी ठिवा!"

कवड्या बाजाराला गेला. विलासनं तेवढा तुकडा मला उतरवून दिला. आठवण आली की लावते.

एक शिंग दिसतं त्याचं. बाकी सगळी मीच.