'नंतर' नावाचा कप्पा

ईशान, अन्वी —

आता लिहिते आहे ते मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही. देवासमोर बसल्यावरही नाही — तिथे मी दुसरंच काहीबाही बोलून उठत आले.

मागच्या रविवारी अन्वीने फोनवर विचारलं, "आजी, तू नोटिफिकेशन बंद का ठेवतेस? आम्ही मेल करतो आणि तू चार दिवसांनी वाचतेस." मी म्हटलं, कामात व्यत्यय येतो. त्यावर ती हसली — रिटायर होऊन किती वर्षं झाली तुला, कसलं गं काम? मीही हसले. फोन ठेवला आणि मग मात्र खुर्चीतून उठवेना. कारण सात वर्षांपूर्वी तुमच्या बाबाला मी अगदी हेच शब्द सांगितले होते. आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. पूर्ण खोटं असतं तर कदाचित पकडले गेले असते. ते बरंचसं खरं होतं — त्यानेच मला वाचवलं.

तेव्हा मी एका प्रकाशकासाठी शाळेच्या इंग्रजी पुस्तकांची मुद्रितं तपासत असे. सकाळी नऊ ते बारा, खिडकीशी, कॉम्प्युटरवर. तुम्हाला माझी शिस्त ठाऊक आहे — चष्मा डावीकडे, पाण्याचा तांब्या उजवीकडे, मध्ये कुणी बोलायचं नाही. पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर थोड्या वेळाने एक चौकट वर सरकायची. टिंग. कुणाचा मेल, आणि त्याचं पहिलं वाक्य. औषधाच्या दुकानाची जाहिरात असो की कुणाच्या मुंजीचं आमंत्रण, डोळा तिकडे जायचाच. तिसऱ्या परिच्छेदातला स्वल्पविराम कुठे होता, तेही विसरायला व्हायचं.

तुमच्या आजोबांना मात्र ती टिंग फार आवडायची. त्यांचे डोळे तोवर अधू झाले होते. माणूस ओळखायचे, अक्षर नाही. ते ओटीवर झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत आणि टिंग झाली की तिथूनच मोठ्याने विचारत, "पोस्टमन कुणाचं घेऊन आला?" आमच्या दोघांचे मेल एकाच कॉम्प्युटरवर येत. त्यांचे मी वाचून दाखवायचे. पण माझा एक नियम होता — दुसऱ्याचं पत्र त्याच्या माघारी उघडायचं नाही. माझ्या वडिलांनी लावलेली सवय. ते शेजारी खुर्चीवर येऊन बसले की मगच मी उघडणार. या नियमाचा मला अभिमान होता. अजूनही — काय सांगू — थोडा आहे.

त्यांना खरी वाट असायची एकाच माणसाच्या पत्राची. त्यांची धाकटी बहीण, मालू. तुमच्या बाबाची मालूआत्या. मी तिला वन्सं म्हणायचे. लग्न केलं नाही, नागपूरला शाळेत शिकवलं, तिथेच एकटी राहिली. पुढे तिला अजिबात ऐकू येईनासं झालं. म्हणजे फोन संपला. हात थरथरत, म्हणून कागदावरचं पत्र संपलं. एका बोटाने टाइप करून ती दादाला मेल पाठवी. तिला ऐकू येत नव्हतं, यांना दिसत नव्हतं, आणि दोघांच्या मध्ये मी होते. वाचणारी मी आणि यांनी सांगितलेलं उत्तर लिहिणारीही मीच.

आता वाडीबद्दल सांगायला हवं. तुम्हाला नागावची वाडी म्हणजे नारळ, सुपारी आणि मागच्या दारची विहीर. पण सातबाऱ्यावर तेव्हा दोन नावं होती — यांचं आणि मालूचं. आपल्याकडे रीत अशी की बहिणी हक्कसोड लिहून देतात, सही करतात, चोळी-बांगडी घेतात आणि माहेर उघडं ठेवतात. मालूकडे कुणी सही मागितलीच नव्हती. यांना लाज वाटायची. "ती काय परकी आहे?" म्हणायचे. आणि मला? मला ती न झालेली सही दाताखालच्या खड्यासारखी लागत असे. ती संत्रा बर्फी पाठवायची, तरी माझ्या मनात यायचं, आज अचानक बर्फी का? ती मे महिन्यात आली आणि विहिरीपाशी जरा जास्त वेळ उभी राहिली, तरी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायचे. काय मोजते आहे ही?

त्यातच पलीकडच्या आळीतली वाडी कोर्टात गेली. तिथल्या बहिणीने वाटा मागितला होता. आमच्या शेजारच्या सुलभाताई कुंपणाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "बहिणी गोडच असतात हो, सातबारा काढीपर्यंत. तुमची नागपूरची अजून मुकाट आहे, नाही?" मी हसून टाळलं. पण ते 'अजून' माझ्याबरोबर घरात आलं.

आणि त्याच आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, कोपऱ्यातली चौकट वर सरकली. मालूचं नाव. खाली एक ओळ — "दादा, वाडीबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे." एवढंच. पुढचं बसत नव्हतं. पाच-सहा सेकंदांत चौकट विरून गेली.

हे वाडीत होते, नारळ उतरवायला आलेल्या पाडेकऱ्याबरोबर. त्यांनी टिंग ऐकली नाही.

मी मेल उघडला नाही. माझा नियम! बघा हं — दुसऱ्याचं पत्र न उघडणारी बाई. कोपऱ्यात आपोआप दिसलेली ओळ म्हणजे काही वाचणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या ओळीवरून पुढची सगळी पत्रं मी मनात लिहून काढली. वाटा, मोजणी, वकील. मी उघडून शेवटपर्यंत वाचलं असतं तर? की मला वाचायचंच नव्हतं? संशयाला पुरावा मिळाला नाही तरी चालतं, पण तो खोटा ठरलेला आवडत नाही — असंच काहीसं होतं का ते?

दुपारी मी तुमच्या बाबाला फोन लावला. ही टिंग माझं डोकं खाते, कामात व्यत्यय येतो, बंद कशी करायची? त्याने शांतपणे सांगितलं. सेटिंगमध्ये जा, आवाजाच्या पुढची खूण काढ, चौकटीच्या पुढची काढ. मी वहीत क्रमाने लिहून घेतलं. मग तो म्हणाला, आई, जाहिरातींचा त्रास होत असेल तर एक रूलही करता येतो. अमुक माणसाचा मेल आला की तो परस्पर अमुक फोल्डरमध्ये जाईल, समोर दिसणारच नाही. तेही मी लिहून घेतलं. मी शिक्षिका, कोणतीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही मला.

औषधाच्या दुकानासाठी मी तो रूल केला नाही. मालूसाठी केला. प्रोग्रामने विचारलं, कप्प्याला नाव काय द्यायचं? मी टाइप केलं — नंतर. सकाळचा तो मेलही न उघडताच त्यात ढकलला.

आठ दिवस, असं ठरवलं होतं. यांची साखर वाढलेली, उगाच त्रास नको. आठ दिवसांचे पंधरा झाले. सकाळी घर विलक्षण शांत असायचं आणि माझं काम फार छान व्हायचं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या वर्षी माझ्या मुद्रितांत एकही चूक निघाली नाही.

हे अधूनमधून विचारत, "मालूचं काही?" मी म्हणायचे, नाही हो. महिनाभराने ते स्वतः येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, लिही तिला. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. प्रकृती कशी आहे, पोफळींवर रोग पडलाय, तुझं पत्र नाही. मी सगळं त्यांना परत वाचून दाखवलं. मग एक बटण दाबलं. त्यांनी त्याचा आवाज ऐकला आणि समाधानाने उठले.

ते पाठवण्याचं बटण नव्हतं.

हेच मला सांगायचं होतं. मघापासून इकडेतिकडे फिरते आहे ती याच एका ओळीसाठी. येणारी पत्रं अडवली, ती भीतीपोटी, असं म्हणता येईल. पण आंधळ्या होत चाललेल्या माणसाला शेजारी बसवून, त्याचे शब्द त्यालाच वाचून दाखवून, ते न पाठवता मसुद्यांच्या कप्प्यात दाबून ठेवणं — याला काय म्हणाल? दुसऱ्यांदाही मी तेच केलं. त्या वेळी त्यांनी एकच ओळ सांगितली होती. "मालू, माझ्यावर रागावलीस का?"

बाबाला सांगू का, त्याला मालूला विचारू दे, असं ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, तो तिकडे कामात असतो, भावाबहिणीचा रुसवा मुलाच्या कानावर कशाला घालायचा? त्यांना ते पटलं. त्यांना माझं बहुधा पटायचंच.

आणि तरीही मला एक शंका आहे, ती अजून जात नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा मी बाहेरून आले तर हे कॉम्प्युटरसमोर उभे. पडद्याला हात लावून. मला म्हणाले, "घंटी वाजेनाशी झाली, तेव्हापासून मालूचं पत्र नाही."

मी म्हटलं, "घंटीचा आणि पत्राचा काय संबंध?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा दिसत होता की नव्हता, मला माहीत नाही. मग म्हणाले, "खरंच. काय संबंध." आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी मालूचं नाव काढलं नाही. त्यांना कळलं होतं का? कळून गप्प राहिले का? किती वेळा ते वाक्य मी उलटसुलट करून पाहिलं आहे.

भाद्रपदात नागपूरहून मालूच्या शेजारणीचा फोन आला. तिच्या डायरीत आमचा नंबर सापडला होता. मालू गेली होती. दोन दिवसांपूर्वी. त्या संध्याकाळी यांनी मला एवढंच विचारलं, "शेवटी तिने काही लिहिलं होतं का गं? नीट बघ एकदा." मी आत गेले. कॉम्प्युटर लावला. तो सुरू होईपर्यंत खुर्चीत बसले. मग बंद केला आणि बाहेर येऊन सांगितलं — नाही.

ते आणखी अडीच वर्षं होते. एकदाही तक्रार नाही. बहीण रुसून गेली, असंच घरात सगळे म्हणत, आणि मी ते म्हणू दिलं. तुमचा बाबा अजून म्हणतो, "मालूआत्या शेवटी तुटलीच आमच्यापासून." सातबाऱ्यावर आता तिचं नाव नाही. सही न करताच ते गेलं.

हे गेल्यावर, चौदाव्या दिवशी, पाहुणे परतल्यावर, मी तो कप्पा उघडला. सात पत्रं होती. सगळी ठळक अक्षरांत, न वाचलेली. पहिलं मी इथे उतरवते.

"दादा, वाडीबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. विहिरीकडची खोली रिकामी असेल तर मी तिथे येऊन राहू का? इथे आता एकटीला होत नाही. मला काही ऐकू येत नाही, पण आपल्या रहाटाची कुरकुर मात्र रोज पहाटे ऐकू येते, गंमत आहे ना? वहिनीला अडचण होणार असेल तर नको. तिला आधी विचार."

रहाट जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. तिथे पंप आहे.

मी ते वेळेवर वाचलं असतं तर हो म्हटलं असतं का? तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो लिहिता येईल. पण मी स्वतःला ओळखते. मी म्हटलं असतं, त्या खोलीत नारळ असतात, तिथे ओल येते, वन्संना झेपायचं नाही. आणि मनात म्हटलं असतं — आली की जायची नाही. म्हणजे मला केवळ एक ओळ दिसली म्हणून हे झालं असं नाही. पूर्ण पत्र दिसलं असतं तरी मी हीच होते. फक्त मग ते यांनीही ऐकलं असतं, आणि खोली माझ्या एकटीची नव्हती.

परवा मी कॉम्प्युटरची घंटी पुन्हा सुरू केली. वहीतला तोच क्रम, उलट्या दिशेने. आता औषधाच्या दुकानाची जाहिरात येते आणि टिंग वाजते. मी दर वेळी कोपऱ्याकडे बघते. नंतर ओटीकडे.

या मेलला नऊ पत्रं जोडली आहेत. सात तिची, दोन त्यांची. हाच मेल तुमच्या बाबालाही जातो आहे. पत्रं मी तारखेप्रमाणे लावली आहेत, माझ्या सवयीने. तशी लावली तेव्हाच दिसलं. ज्या आठवड्यात यांनी मला ती एक ओळ लिहायला सांगितली होती, त्याच आठवड्यात तिचं पाचवं पत्र आलेलं आहे. तेही एकाच ओळीचं.

"दादा, माझ्यावर रागावलास का?"

ती रुसली नव्हती. तेही नव्हते. मध्ये मी बसले होते.

— आजी