साइमीने उपटलेल्या फांद्या

आमच्या कारिसारी बेटावर यायचं तर उन्हाळ्यात बोट आणि हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून गाडी. दोन्हींची चौकशी एकाच ठिकाणी होते, धक्क्यावरच्या साइमीच्या कॉफीच्या टपरीत. तिथे मोठा फलक लावलेला आहे, पण तो वाचून झाल्यावरही माणसं तिलाच विचारतात.

बोलणं गोड नाही बाईचं. "पट्टा सोडा, काचा खाली घ्या, पुढच्या गाडीला चिकटू नका. फोटोसाठी मध्ये थांबलात तर मला तोंड दाखवू नका."

"पट्टा सोडायचा?" पाहुणे चपापतात.

"बर्फ फुटलं तर बाहेर यायचंय ना? की आतच बसायचंय?" असं म्हणून वर वेलदोड्याचा गरम पाव हातात कोंबते. पाहुणे घाबरतात आणि ऐकतात. मला ती यासाठीच आवडते.

बर्फावरचा रस्ता आखायचं काम आधी तिचा नवरा करायचा, तो गेल्यापासून ती करते. बर्फाला भोकं पाडून जाडी बघायची आणि वाटेच्या दोन्ही कडांना स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या रोवायच्या. फांद्या उभ्या म्हणजे रस्ता चालू. तिनं त्या उपटल्या की आमच्यातला कुणी बर्फावर चाक घालत नाही.

गेल्या मार्चअखेर ऊन अचानक तापलं. तिनं त्याच दिवशी पाहुण्यांना दटावलं, "निघा, नाहीतर अडकाल." बहुतेक निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे हिमाचा पातळ थर पडला, आणि सकाळी तिनं सगळ्या फांद्या उपटल्या. तेवढ्यात पलीकडच्या किनाऱ्यावरच्या इस्पितळातून फोन आला. तिचा धाकटा भाऊ रेइनो शेवटच्या घटका मोजत होता. बोट बर्फ वितळेपर्यंत बंद, आणि आजाऱ्यांना बर्फावरून नेणारी, हवेच्या गादीवर चालणारी होडी नेमकी दुरुस्तीला गेलेली.

बोटीवरचा ताइस्तो आणि मी धावत गेलो.

"साइमे, तू जा गं," ताइस्तो म्हणाला. "तुझी गाडी हलकी. अजून तासभर तरी बर्फ धरेल. आम्ही काही बघितलंच नाही असं समज."

"तुम्ही नाही बघणार रे. पण या हिमावर माझ्या चाकांचे माग राहतील, ते सगळं जग बघेल."

"अगं, भाऊ आहे तुझा!" मी ओरडलेच. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा राग आला.

 तिनं टपरीत जाऊन रेइनोला फोन लावला. त्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"निघालीस?"

"रेइनो, मी फांद्या काढल्यात."

 इथेच वाढलेला तोही. म्हणाला, "काढल्यास ना? मग येऊ नकोस वेडे. धक्क्यावरच्या पोरांची कॉफी बघ."

ती फोन कानाला धरून बसली. लहानपणी दोघांनी चोरलेल्या होडीबद्दल बोलली, आईच्या माशाच्या सारात मीठ जास्त व्हायचं त्याबद्दल बोलली. तो बोलेनासा झाला तरी ती बोलत राहिली. संध्याकाळी नर्सनं पलीकडून सांगितलं, तेव्हा तिनं फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. मी शेजारी उभी राहून पुसत होते. दोघी रडत होतो.

सकाळी तिनं नेहमीच्या वेळी टपरी उघडली. तिचं न ऐकता मागे राहिलेलं एक कुटुंब गाडीत सामान भरून धक्क्यावर आलं. मागच्या सीटवर दोन पोरं झोपलेली. बाप उतरला, बर्फाच्या कडेला जाऊन बराच वेळ खाली बघत राहिला आणि मग टपरीपाशी आला.

"फांद्या दिसत नाहीत. पण तुम्ही इथली माणसं जाताच ना गुपचूप? काल कुणीतरी गेलंच असेल."

"माग दिसला का कुठे?" साइमीनं विचारलं.

"नाही."

"मग कुणी नाही गेलेलं," ती म्हणाली. "पोरांना आत आणा, गारठतील."