विशाखा मॅडमचं ‘दुर्मिळ’

विशाखा मॅडम स्कॅन वाचायला बसल्या की आधी डॉक्टरांनी जे मागितलंय ते शोधत. ते सापडलं की खुर्ची पुढे ओढत आणि पोटाची सगळी चित्रं वरपासून पुन्हा पाहायला घेत. भंडाऱ्याच्या त्या सेंटरवर मी सीटी मशीन चालवायचो. बाहेर पेशंट ताटकळलेले, आत मी घायकुतीला.

“मॅडम, खडा दिसला ना?”

मान न वळवता त्या म्हणत, “खडा भेटला म्हंजे पोट सरलं काय?”

त्या कोंढ्याच्या. नागपुरात शिकून परत आल्या, पण भाषा गावचीच ठेवली. मोठमोठ्या सर्जनशी बोलतानाही ‘मले’, ‘तुमाले’. कुणी हसलं तर आणखी ठासून बोलत.

पोटातल्या लहान धमन्यांवर येणारे फुगे हा त्यांच्या भांडणाचा विषय. प्लीहेची किंवा मूत्रपिंडाची धमनी एखाद्या जागी कमजोर होऊन फुगते. बहुतेकांना पत्ताही नसतो. दुसऱ्याच कशासाठी स्कॅन काढला की दिसतो. दिसला तर. ‘पुस्तकात दुर्मिळ लिहिलंय’ असं कुणी म्हटलं की मॅडम उसळत. “पाहनारे दुर्मिळ आहेत. फुगे नाईत तितके.” पेशंटला मात्र उगाच घाबरवत नसत. एखाद्या म्हाताऱ्याचा फुगा बारीकसा असला तर सांगत, “घरी जा, धान कापा. पुढच्या साली पुन्हा दाखवा.”

सिहोऱ्याची वनिता आली ती कमरेतल्या कळेनं. खडा होताच. पण प्लीहेजवळ मॅडमना चुन्यासारखी पांढरी कड असलेलं वाटोळं दिसलं. वनिताला समजावून, शिरेतून औषध देऊन त्यांनी पुन्हा स्कॅन करायला लावला. धमनीवर बोराएवढा फुगा होता.

तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांना मॅडमनी फोन लावला. ते हसले. “मी खड्यासाठी पाठवली होती. इतकं दुर्मिळ तुम्हालाच कसं दिसतं?”

“तिले लेकरू पायजे, डॉक्टर. गरोदरपनात हा फुटला तं बाई जाते, लेकरूही जाते. तुमी नागपूरले पाठवता का मी पाठवू?”

बाहेर सासू अडून बसली. “असं काही गावात समजलं तं सुनेले नावं ठेवतीन. खड्याचं औषध द्या, आमी चाललो.”

मॅडम तिच्या शेजारी बाकावर बसल्या. “माय, नातू पायजे ना तुले? मंग त्याच्या मायले पहिले वाचव.”

सासूच्या पलीकडे बसलेली वनिताच उठली. “मी जाईन नागपूरले. कोनी संग आलं तं येवो.”

सासू कुरकुरत का होईना, संग गेली.

नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीतल्या धमनीतून बारीक नळी घातली, फुग्यात तारेची वेटोळी भरून तो बंद केला. खडा दरम्यान आपसूक पडून गेला. पुढे वनिताला मुलगी झाली. ती आम्हाला दाखवायला सासूच घेऊन आली, सगळ्यांआधी मॅडमच्या मांडीवर ठेवली.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही छोटा निरोप समारंभ केला. वनिताला पाठवणारे तेच डॉक्टर बोलायला उभे राहिले. मनापासून बोलत होते. “योगायोगानं मॅडमना तो फुगा दिसला, म्हणून ती बाई वाचली.”

हार गळ्यात असतानाच मॅडम उभ्या राहिल्या.

“योगायोगानं नाई, डॉक्टर. मी पाहून राहिली होती.”

डॉक्टर चष्मा सारखा करत म्हणाले, “मॅडमनी पाहिलं, म्हणून ती बाई वाचली.”

मगच मॅडम खाली बसल्या.