शटर वीतभर वर

बँकेच्या गार्डाला अख्खा बाजार मामा म्हणायचा. खांद्याला डबल बारची बंदूक, पण बावीस वर्षांत ती एकदाही उडाली नव्हती. काडतुसं मॅनेजरच्या खणात आणि खणाची किल्ली मॅनेजरच्या घरी. चालायचं ते मामाचं पेन. अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे लिहिता न येणारे आणि लिहायचा कंटाळा असणारे, दोघेही पैसे काढायच्या स्लिपा त्याच्याकडूनच भरून घेत.

त्या दिवशी सकाळी सातला सरकारने रेडिओवर जाहीर केलं, आजपासून तीन दिवस बँकांना विशेष सुट्टी. का, ते सांगितलं नाही. घाबरण्याचं कारण नाही, एवढं मात्र दोनदा सांगितलं. त्यामुळे ज्यांना तोवर सुचलं नव्हतं तेही घाबरले.

मॅनेजरचा फोन आला. "मामा, बोर्ड लावा आणि घरी जा."

"साहेब, गर्दी असेल."

"म्हणून तर बोर्ड लावायचा!"

बायको म्हणाली, "युनिफॉर्म तरी घालू नका. आज लोकांचं डोकं ठिकाणावर नाही."

"नाही घातला तर चोर समजून मारतील."

मारतील हे दोघांनाही मान्य होतं. काय समजून, एवढाच वाद होता.

'आज बँक बंद आहे' हा पत्र्याचा बोर्ड शटरच्या आत, भिंतीला टेकवून ठेवलेला असे. पूर्वीचा बाहेर असायचा, तो कुणीतरी पळवला. तेव्हापासून हा नियम. म्हणजे बँक बंद आहे हे सांगायला मामाला आधी बँक उघडावी लागे. दर सुट्टीला तो कुलूप काढी, शटर वीतभर वर करी, पालथा पडून आत हात घाली. हे बघायला रस्त्यावर फार तर एखादं कुत्रं असायचं. आज चारशे माणसं होती.

"बंद आहे, बाबांनो. बोर्ड काढतोय फक्त," असं म्हणत मामा वाकला. शटर करकरलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "उघडली! उघडली रे!"

पहिला दगड शटरला लागला, दुसरा मामाच्या कानशिलाला. मग पाठीवर पाय पडले. कुणीतरी बंदूक हिसकली, मामाच्या डोक्यावर रोखली आणि चाप ओढला. नुसतीच टक्. चिडून त्याने ती उलटी धरली आणि दस्त्याने मामाच्या बरगड्या मोडल्या. बावीस वर्षांत बंदूक प्रथमच कामाला आली.

पुढच्यांना आत शिरायचं होतं. मागच्यांना पुढच्यांना शिरू द्यायचं नव्हतं. निम्मे शटर वर ओढत होते, निम्मे खाली दाबत होते आणि मामाचा उजवा हात आत, बोर्डाला धरलेला. समोरच्या दुकानातल्या टेलरने मामाची बाही धरून त्याला बाजूला ओढायला पाहिलं. युनिफॉर्म त्यानेच शिवला होता. बाही बरोबर शिवणीवरून निघाली. मग तो शटरच्या कडेवर दोन्ही पायांनी चढला.

"दाबा खाली! नाहीतर पुढचेच सगळं नेतील!"

"टेलर, हात आहे माझा आत!"

"मग काढा की!"

"तू उतर, मग काढतो ना!"

टेलर उतरला नाही. शटर टेकलं. आत काहीतरी ओलं मोडल्याचा आवाज झाला, आणि तो पहिल्या रांगेने ऐकला.

पोलीस आले आणि शटरजवळ जो सापडला त्याला त्यांनी काठीने झोडपलं. सापडला मामाच, कारण बाकी सगळ्यांना पळता येत होतं.

चौथ्या दिवशी बँक उघडली. तीन दिवस सुट्टी झालीच आहे, आणखी रजा कशाला, असं मॅनेजरचं म्हणणं पडलं. म्हणून मामा दारात उभा. बँडेजमध्ये आता अंगठा आणि करंगळी एवढीच राहिली होती. रांगेत पहिला टेलर.

"मामा, एवढी स्लिप भरू..." सवयीने बोलून गेला आणि थांबला.

मामाने हात वर केला.

टेलरने मान खाली घातली. "बाही द्या. आज लावून देतो. पैसे नको."

"बाही राहू दे. हे बघ, कुठून उसवलंय."

मामाने डाव्या हाताने खिशातलं पेन काढून टेलरला दिलं.

"लिही तूच. असं मुठीत नको धरू. तीन बोटांत धर. तीनच लागतात."